कानांत बोळे घालून काशी ऐकण्याची सोपी रीत

ही मार्गदर्शिका अशा मराठी माणसासाठी आहे, जो नोकरी, शिक्षण, श्राद्धकर्म किंवा गाणे यांपैकी कोणत्यातरी निमित्ताने काशीत येऊन टेकला आहे, ज्याची खिडकी गल्लीत उघडते, आणि ज्याला रात्री जेवण झाल्यावर गिरिजादेवींची एक ठुमरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची आहे. इच्छा माफक आहे. काशीत माफक इच्छांचीच पंचाईत होते. मोक्षाची सोय चोवीस तास आहे.

इअरफोनबद्दल आधी काहीही ठाऊक नसेल तर उत्तम. थोडेसे ठाऊक असेल तर अडचण येईल, कारण थोडे ठाऊक असलेला माणूस आधी कंपनीचे नाव विचारतो. कंपनीचे नाव या पुस्तिकेत फार उशिरा आणि फार थोडे येते.

पहिला धडा : बाहेर कोण आहे ते पाहा

दार लावण्याआधी बाहेर कोण उभे आहे ते बघावे. काशीचा आवाज एकजिनसी नाही. पहाटे मंदिराची घंटा, तिच्या मागेपुढे अजान, मग कुणाच्या तरी गच्चीवरचा हनुमान चालिसा, मग दुधाच्या किटल्या लटकवलेल्या मोटारसायकली. ब्रह्मघाट-दुर्गाघाटाच्या जुन्या मराठी वस्तीत गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की, दोन माणसांनी एकमेकांना नमस्कार करायचा तर तिसऱ्याला थांबावे लागते. दोन्ही बाजूंना तीन-तीन, चार-चार मजली भिंती. या घळीत वाजलेला हॉर्न वर निघून जायला वेळ घेतो आणि तोवर दुसरा वाजतो. मदनपुऱ्याकडे खोली असेल तर यंत्रमागांची खडखड. नदीकाठी असेल तर बोटी. २०२१ नंतर त्यांतल्या बऱ्याच डिझेलवरून सीएनजीवर आल्या आहेत, पण इंजिन ते इंजिनच. गोदौलिया चौकात खोली घेतली असेल तर हे पान मिटा आणि घरमालकाला भेटा. मणिकर्णिकेच्या वाटेवर राहत असाल तर दिवसरात्र 'राम नाम सत्य है' ऐकू येईल. त्या आवाजाबद्दल तक्रार करायची पद्धत नाही, कारण तो आवाज करणाऱ्यांची तक्रार आपल्यापेक्षा मोठी असते.

सरकारी नियमही माहीत असावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलपर्यंत आवाज चालतो, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे. हा नियम काशीलाही लागू आहे. नवशिक्याने तो पाठ करावा. पाठ करण्यापलीकडे त्याचे काही करायचे असेल तर वकील लागतो.

आता मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसने आलेल्या माणसाकडे आवाज रद्द करणारे महागडे इअरफोन असतात, आणि गाडीत ते इतके छान चाललेले असतात की तो निर्धास्त असतो. गाडीत ते चालतातच. त्यांच्यातला बारीक मायक्रोफोन बाहेरचा आवाज ऐकतो, आतले यंत्र त्या लहरीची उलटी लहर तयार करते, आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात ही गोष्ट करून पाहावीशी वाटली, हा योगायोग नाही. विमानाचे इंजिन खालच्या पट्टीत एकसारखे घुमत असते. पुढच्या क्षणी ते काय करणार हे या क्षणावरून कळते. रेल्वेच्या चाकांचेही तेच. काशीत पुढच्या क्षणी काय होईल हे कुणालाच माहीत नसते, त्या यंत्राला कुठून असणार? घंटा, हॉर्न, फेरीवाल्याची आरोळी, शेजारच्या दोन काकूंमधला मतभेद हे सगळे अचानक उसळणारे आणि वरच्या पट्टीतले आवाज आहेत. हजार हर्ट्झच्या वर उलट्या लहरीचा खेळ फिका पडतो. म्हणजे असे होते की, लांबच्या जनरेटरची घरघर नाहीशी होते आणि काकूंचा मतभेद पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येतो.

म्हणून काशीत लागतात ते कानाच्या नळीत शिरून तिचे तोंडच बुजवणारे इअरफोन. त्यांत बॅटरी नाही, मायक्रोफोन नाही, हुशारी नाही. बाटलीला बूच असते तसे. वरच्या पट्टीतला आवाज अडवण्यात मात्र हा अडाणीपणा फार कामाचा आहे.

या जातीचा मूळपुरुष अमेरिकेतला. मीड किलियन नावाचे श्रवणशास्त्रज्ञ श्रवणयंत्रांवर काम करत होते. त्यांच्या एटिमोटिक कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ नावाची जोडी बाजारात आणली. श्रवणयंत्रांत वापरतात तसा चिमुकला ध्वनिजनक आणि कानात खोलवर जाणारे तीन झालरींचे बोळे, असा तो ऐवज होता. ज्याला कमी ऐकू येते त्याच्यासाठी घडलेल्या विद्येतून, ज्याला जास्तच ऐकू येते त्याची सोय झाली. पुढे १९९५ मध्ये जेरी हार्वी यांनी रॉक वादक ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या मापाने असेच काही बनवले आणि रंगमंचावरच्या मंडळींच्या कानांत तारा आल्या. एटिमोटिकचा दावा ३५ ते ४२ डेसिबल आवाज अडवल्याचा आहे. साधे सिलिकॉनचे बोळे नीट बसले तर साधारण पंधरा ते पंचवीस अडवतात. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, एवढा हिशोब लक्षात ठेवला की पुरे. तीस डेसिबलमध्ये काकू अष्टमांश उरतात.

दुसरा धडा : दालमंडी

कुणालाही विचारा, "इअरफोन कहाँ मिलेगा?" उत्तर येईल, "दालमंडी चले जाइए, गुरू." चौक आणि नई सडक यांना जोडणारी ही अरुंद वाट आज मोबाइलच्या सुट्या भागांसाठी, चार्जरसाठी आणि कानात घालायच्या सगळ्या गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. डाळींची मंडई ती नावापुरती. २०२५ पासून रस्ता रुंद करायचे काम निघाले आहे, तेव्हा जुन्या ओळखीचे दुकान जुन्या जागी असेलच असे धरून चालू नये.

इथे एक आडवळण घ्यावे लागेल. जिथे आज प्लास्टिकच्या पुड्यांत इअरफोन टांगलेले असतात त्याच वाटेवर एके काळी वरच्या मजल्यांवर ठुमरी गायली जायची. दालमंडी म्हणजे काशीच्या गाणाऱ्या बायकांची वस्ती. ठुमरी, दादरा, टप्पा, चैती, कजरी यांचा मोठा ऐवज या बायकांनी सांभाळला आणि वाढवला, आणि पुढच्या काळात सभ्य म्हणवणाऱ्या लोकांनी तो ऐवज घेऊन त्यांना जिना उतरायला लावला. खालच्या रस्त्यावरचा सगळा कोलाहल वर येत असणार, वरचे गाणे खाली जात असणार. बिस्मिल्ला खाँ लहानपणी बालाजी मंदिरात रियाजाला जाताना रसूलनबाई आणि बतूलनबाई या बहिणींच्या घरावरून जाणारा रस्ता मुद्दाम धरत, ही गोष्ट काशीत सगळ्यांना ठाऊक आहे. वाटेवर ठुमरी कानी पडायची, संगीताची ओढ तिथून लागली असे ते सांगत. कान बुजवलेला मुलगा त्या रस्त्याने गेला असता तर सनईचे काय झाले असते, हा प्रश्न परीक्षेला नाही.

आता दुकान. प्रवेश केल्यावर संभाषण साधारण असे होते.

"भैया, बाहर का आवाज़ बंद करने वाला दिखाइए."

"ये लीजिए. एकदम ओरिजिनल."

"कंपनी कौन सी है?"

"आप बोलिए न, कौन सी चाहिए?"

या उत्तरातला मोकळेपणा पुण्यातल्या दुकानात मिळायचा नाही. नवशिक्याने रागावू नये. साधा चार्जर, तारेचा जोड, बोळ्यांची पुडी या वस्तूंसाठी दालमंडीला तोड नाही. नामांकित कंपनीची महाग जोडी घ्यायची असेल तर ती पावती आणि हमीपत्र देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी, कारण नकली जोडीचा डबा असलीपेक्षा चकचकीत असतो आणि आत काय आहे हे कानात गेल्यावरच कळते. चिनी कंपन्यांनी अलीकडे फार चांगला माल काढला आहे. दोन हजारांच्या आसपास मिळणारी जोडी नीट बसली तर दहा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच महाग जोड्यांना लाजवते. 'नीट बसली तर' हे तीन शब्द तिच्या डब्यावर छापलेले नसतात.

दुकानात दोनच गोष्टी पाहा. सोबत किती आकारांचे बोळे दिले आहेत, आणि तार इअरफोनपासून सुटी होते का. ध्वनिजनक सहसा मरत नाही; मरते ती तार, तीही खिशातल्या वाकणाऱ्या टोकाशी. सुटी तार असली की नवी घालता येते. फोनला गोल भोक नसेल तर यूएसबी-सीचा छोटा जोड लागतो. त्यातही बरेवाईट असते, पण बोळ्याइतके नसते.

तिसरा धडा : बोळा

या विद्येचे सार इथे आहे. घाईत असलेल्याने बाकीचे धडे सोडून हा एकच वाचला तरी चालेल. इअरफोनची किंमत दोन हजार असो की वीस हजार, त्याच्या आणि कानाच्या मध्ये असलेला दहा-वीस रुपयांचा बोळा जर कानाला चिकटून बसला नाही, तर बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला खर्ज बाहेर जातो. दुकानात जोडी कानाला लावून "यात बेस नाही" म्हणणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जणांच्या कानात बोळा तिरका असतो. हा आकडा माझा अंदाज आहे, पण मी त्यावर पैज लावायला तयार आहे.

माणसाचे दोन कान एका मापाचे नसतात. उजव्याला मधला आणि डाव्याला मोठा बोळा लागू शकतो. त्यात कमीपणा नाही. मधला आकार 'सर्वांना बसतो' असे जे सांगतात त्यांचे कान कंपनीच्या कचेरीत मोजलेले असतात.

सिलिकॉनचा बोळा धुता येतो, वर्षानुवर्षे टिकतो, घालायला सोपा. स्पंजाचा बोळा जास्त आवाज अडवतो, पण त्याचा विधी आहे. तो बोटांच्या चिमटीत घेऊन वळत वळत बारीक करावा. मग विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी. त्याने कानाची वाकडी नळी सरळ होते. मग बोळा आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा, म्हणजे तो फुगून जागा भरतो. हा विधी घरात करावा. घाटावर केलात तर डोक्यावरून हात नेऊन स्वतःचा कान धरलेला मराठी माणूस पाहून लोक समजतील की हा गणपतीपुढे उभा आहे, आणि एखादा पंडा दक्षिणेचा विषय काढील.

काशीचे हवामानही लक्षात घ्या. जानेवारीच्या धुक्यात स्पंज कडक होतो, तो आधी मुठीत गरम करावा लागतो. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की तोच स्पंज घामाने ओला होऊन घसरतो. उन्हाळ्यात सिलिकॉन, थंडीत स्पंज, आणि पावसाळ्यात जे कोरडे असेल ते. ओल्या कानात तासन्‌तास बूच बसवले की कान खाजतो, मग बुरशी होते, मग डॉक्टर.

बोळा बरोबर बसला हे कसे ओळखावे? गाणे बंद ठेवून "हर हर महादेव" म्हणावे. आवाज विहिरीतून आल्यासारखा स्वतःच्याच डोक्यात घुमला तर बसला. मग गाणे लावून इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. दाबल्यावर खर्ज वाढला तर बसला नव्हता, आकार बदला.

या घुमण्याला एक कारण आहे आणि काशीत त्याचा थेट संबंध पानाशी येतो. कान बुजवला की आपल्या जबड्याचे, घशाचे, पावलांचे हाडांतून येणारे आवाज बाहेर पडायला वाट राहत नाही. ते नळीत कोंडतात आणि वाढतात. बाहेरचे जग तीस डेसिबलने लांब गेलेले असते आणि आपण मात्र स्वतःच्या तोंडाच्या अगदी जवळ येतो. अशा स्थितीत मघई पान तोंडात टाकले तर पहिल्या सुपारीच्या चाव्याला ठुमरीचा मुखडा गाडला जातो. कात, चुना, सुपारी, लाळ हे सगळे चालू ध्वनिमुद्रणात आपापली जागा घेतात. तेव्हा पान किंवा इअरफोन, एका वेळी एकच. ज्याला दोन्ही हवे आहेत त्याने पान गालात ठेवून स्थिर बसावे. काशीतली मुरलेली माणसे तासभर असे बसू शकतात, पण नवशिक्याकडून ते होणार नाही.

तारेचेही तसेच. तार सदऱ्याला घासली की खरखर थेट कानात येते. ती कानाच्या वरून मागे वळवून घ्यावी आणि छातीशी चिमट्याने अडकवावी.

मळाबद्दल लाजायचे कारण नाही. कानात मळ असतो, असावा. खोल जाणारा बोळा त्याला आणखी आत ढकलतो, इअरफोनच्या जाळीत बसवतो, आणि मग एका बाजूचा आवाज बसला म्हणून माणूस कंपनीला शिव्या देतो. जाळी कोरड्या मऊ ब्रशने पुसावी. सिलिकॉनचे बोळे काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावेत. कानासाठी कानाचा डॉक्टर. घाटावर सळई आणि कापूस घेऊन फिरणारा कान साफ करणारा इसम फार आत्मविश्वासाने हाक मारतो. त्याला हात जोडून पुढे जावे.

चौथा धडा : डब्यावर काय लिहिले आहे

डब्यावर '४०,००० हर्ट्झपर्यंत' असे सोनेरी अक्षरांत लिहिलेले असते. तरुण माणसाला २०,००० पर्यंत ऐकू येते, पन्नाशीनंतर बारा-तेरा हजारही पुष्कळ झाले. वरचा भाग घाटावरच्या कुत्र्यांसाठी आहे. त्यांना तो ऐकू येतो.

एका कानात किती ध्वनिजनक आहेत याची चढाओढ चालते: दोन, चार, आठ. आठ म्हणजे दोनाच्या चौपट गाणे नव्हे. एकच ध्वनिजनक असलेली उत्तम जोडी आणि अनेक असलेली गोंधळलेली जोडी, दोन्ही बाजारात आहेत.

'शंभर तास वाजवून मुरवा, मग आवाज खुलतो' असा एक संप्रदाय आहे. शंभर तासांत मुरतो तो आपला कान; त्याला त्या आवाजाची सवय होते. काशीत मात्र हे जाहीर बोलू नये. अनुष्ठानाची गोष्ट काढली की करून देणारा इथे लगेच भेटतो.

पाचवा धडा : परीक्षा

आता जोडी कानात आहे. ती चांगली की वाईट हे ठरवायला दुकानदार कर्कश सिनेगीत लावून देतो. त्यावर निकाल देऊ नये. काशीने परीक्षेचे साहित्य स्वतःच तयार करून ठेवले आहे.

पहिला पेपर डग्ग्याचा. पंडित रामसहायांपासून चालत आलेले बनारस घराण्याचे तबलावादन उघडे, जोरकस, घुमाऱ्याचे. कबीरचौऱ्याचे किशन महाराज लावा. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला स्वर खालून वर कसा चढतो तो नुसता जाणवता कामा नये, त्याचा चढ मोजता आला पाहिजे. स्वस्त जोडीत तिथे सगळीकडे एकच 'धुम्म' ऐकू येते. तसे झाले तर आधी बोळा तपासा, मग जोडीला दोष द्या.

दुसरा पेपर सनईचा, आणि हा अवघड आहे. कानाची नळी साधारण पंचवीस मिलिमीटर लांब, आतल्या टोकाला पडद्याने बंद; अशी नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते आणि तिथला आवाज वाढवते. नळीत बूच घातले की हा नैसर्गिक घुमार मोडतो. चांगला इअरफोन बनवणारा त्या जागेचा आवाज तेवढाच उचलून देतो. वाईट बनवणारा एकतर विसरतो, म्हणजे गाणे गोधडीखालून येते. नाहीतर अंदाजाने भरमसाट उचलतो. सनईचा तेजस्वी भाग नेमका त्याच टापूत आहे. बिस्मिल्ला खाँ आणि आपले विष्णु गोविंद जोग यांच्या सनई-व्हायोलिन जुगलबंदीची ध्वनिमुद्रणे सहज मिळतात. ती लावा. तार सप्तकात डोळे बारीक झाले तर जोडी परत करा. दोन वाद्ये एकाच स्वरावर आली आणि तरी कोण कुठे आहे हे कळले तर ठेवा. सनई मुळात नौबतखान्यातली, देवडीवरची, उघड्यावरची. गर्दीच्या डोक्यावरून जाण्यासाठी केलेले वाद्य आपण नळीत कोंडून ऐकतो आहोत, हे सोसणारी जोडी बाकी काहीही सोसेल.

तिसरा पेपर ठुमरीचा: गिरिजादेवी किंवा सिद्धेश्वरीदेवी. एकाच शब्दाला पाच रंग लावताना मध्ये जो श्वास घेतला जातो तो ऐकू यावा. मागच्या तानपुऱ्याची जवार थांबल्यासारखी वाटू नये. सारंगी गळ्याच्या मागून यावी, गळ्यावर चढू नये.

चौथा पेपर ऐच्छिक. गौहरजान, जिचे बालपणीचे काही दिवस काशीत गेले आणि जिचा आवाज १९०२ मध्ये कलकत्त्याला ध्वनिमुद्रक गायझबर्गने तबकडीवर घेतला. तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यासमोर ओरडून गायचे आणि तीनेक मिनिटांत आटोपायचे. त्या तबकडीत खर्ज नाही आणि वरची झिलईही नाही. वीस हजारांच्या जोडीतून ती ऐकली तर तबकडीची खरखर कमालीच्या तपशिलात मिळते. या ध्वनिमुद्रणांना मोबाइलचा स्पीकर जास्त मानवतो, असे माझे मत आहे.

आता आवाज किती ठेवायचा. बोळ्यांचा खरा फायदा इथे आहे, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही. रस्त्यावर ऐंशी डेसिबलचा गोंगाट असेल तर कानाबाहेर टेकणाऱ्या उघड्या इअरफोनने गाणे नव्वदच्या पुढे न्यावे लागते. पंचाऐंशी डेसिबलला आठ तास, अठ्ठ्याऐंशीला चार, एक्याण्णवला दोन, चौऱ्याण्णवला एक तास असा सुरक्षिततेचा उतरता हिशोब अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने घालून दिला आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. पंचवीस डेसिबल अडवणाऱ्या बोळ्यात तोच गोंगाट पंचावन्नवर येतो आणि सत्तरवर ठुमरी आरामात ऐकता येते. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बोळे घालूनही आवाज पूर्ण वर नेणारा माणूस भेटला तर त्याच्याशी हळू बोलावे, नंतर मोठ्याने बोलायचेच आहे.

सहावा धडा : कुठे काढावेत

काशीच्या जुन्या म्हणीत सांड आणि पायऱ्या यांच्यापासून जपायला सांगितले आहे. म्हण इअरफोनच्या आधीची आहे, पण लागू आहे. गल्लीत दोन्ही कान बुजवून चालू नये. मागून येणारी मोटारसायकल हॉर्न वाजवते, तो आपण मोठ्या कष्टाने बंद केलेला असतो. सांड हॉर्नही वाजवत नाही.

विश्वनाथ मंदिरात फोन आणि विजेवर चालणाऱ्या वस्तू आत नेता येत नाहीत. लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात. इअरफोनचे बोळे नीट डबीत ठेवून मगच द्यावेत, नाहीतर परत घेताना एक बोळा हमखास हरवलेला असतो. दुर्गाकुंड आणि संकटमोचनच्या परिसरात माकडे आहेत. लोंबणारी तार त्यांना आवडते. खायला दिले की घेतलेली वस्तू ती बहुधा टाकतात. चावून झाली की टाकतात, हे अधिक खरे.

अस्सी घाटावर २०१४ पासून 'सुबह-ए-बनारस' चालते. पहाटेची आरती, मग वेदपठण, मग कुणाचे तरी गाणे किंवा वादन. तिथे इअरफोन घालून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. समोर भैरव चालू असताना ती काय ऐकत होती हे विचारायचे धाडस झाले नाही.

आणि शेवटी संकटमोचन. हनुमान जयंतीच्या सुमारास मंदिराच्या आवारात रात्ररात्र चालणारा हा संगीत समारोह १९२३ पासून होतो आहे. सवाई गंधर्वच्या तिकिटासाठी रांग लावलेल्या माणसाला सांगूनही पटत नाही, पण इथे तिकीटच नाही. जसराज इथे वर्षानुवर्षे येत. २०२० च्या साथीत समारोह इंटरनेटवरून करावा लागला तेव्हा नव्वदीतले जसराज अमेरिकेतून गायले; त्या वर्षी मात्र ज्याचा बोळा चांगला त्याला जागा पुढची. एरवी तिथे जोडी न्यायची गरज नाही. फक्त स्पंजाचे बोळे खिशात ठेवावेत, कारण उशिरा गेल्यावर जागा मिळते ती लाउडस्पीकरच्या तोंडाशी, आणि पहाटेपर्यंत बसायचे असते. औषधाच्या दुकानात मिळणारे झोपेचे बोळेही चालतात. प्रवेश मोफत आहे, बोळे मात्र आपले आपण आणावेत.